मुका नायक आणि उसनी वाणी

कोंकणातील ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा प्रसंग पाहिला नाही, असा आपल्या वाचकांत क्वचितच कोणी असेल. ज्याच्यावर संकट आलेले असते तो देवापुढे नारळ ठेवतो आणि हात जोडून खालमानेने उभा राहतो. बोलतो तो गुरव. संकट एकाचे, शब्द दुसऱ्याचे. ज्याच्यापुढे हे गाऱ्हाणे मांडले जाते तो देवही बोलत नाही. त्याचे उत्तर कौलाच्या पाकळ्यांवरून समजून घ्यावयाचे. असा हा दोन मुक्या पक्षांमधला सारा व्यवहार तिसऱ्याच्या वाणीने चालतो. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे हे दृश्य आम्हांस विशेष ओळखीचे वाटते. न्यायालयातही ज्याचे घरदार पणास लागलेले असते तो पक्षकार बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्यास मात्र त्या संकटाची झळ लागलेली नसते.

हा जुना प्रसंग आठवण्यास कारण झाले ते घरातील तरुण मंडळींच्या व्हिडिओ गेमचे. ह्या खेळांतील नायक पुष्कळदा मुका असतो, असे आमच्या ध्यानात आले. १९८६ साली जपानात निघालेल्या ‘झेल्डा’ ह्या खेळाचा नायक लिंक आणि १९९८ साली अमेरिकेत निघालेल्या ‘हाफ-लाइफ’चा नायक गॉर्डन फ्रीमन हे दोघे त्या जगात थोर वीर म्हणून गाजले, पण गॉर्डन फ्रीमनच्या तोंडून खेळभर एक शब्द बाहेर पडत नाही. आरंभी ह्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळच्या यंत्रांत मनुष्याचा आवाज साठविण्याइतकी जागाच नव्हती. संवाद अक्षरांत दाखवावे लागत. पुढे जागा झाली, तरी कित्येकांनी नायकाचे मौन मुद्दाम राखले. २०१७ साली ह्याच मालिकेतील मोठ्या खेळात भोवतालची पात्रे बोलू लागली, पण लिंक गप्पच राहिला. खेळणाऱ्याने नायकाच्या जागी स्वतःस कल्पावे, आणि नायकाचा परका आवाज त्या कल्पनेच्या आड येऊ नये, अशी ह्यामागची विचारसरणी आहे. उलट पक्षी काही खेळांनी नायकास वाणी दिली. २००७ सालच्या ‘मास इफेक्ट’मध्ये तर नायक पुरुष घ्यावा की स्त्री हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असल्याने एकाच पात्रासाठी दोन निरनिराळ्या कलावंतांनी आवाज दिला.

पुण्यात तयार होऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजी’ ह्या खेळाचे उदाहरण आपल्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा. मुलगी लढते, पडते, पुन्हा उठते. आणि तिची कथा सांगतात दुर्गा व विष्णू. कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखविले आहेत. नव्या यंत्रात आपल्या देवळासमोरचा जुना मांड पुन्हा उभा राहिला आहे, असेच ते पाहून वाटते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ करमणुकीचा नाही. जो स्वतः बोलत नाही त्याच्यासाठी दुसरा बोलतो, तेव्हा ती वाणी कोणाची? बोलणाऱ्याचे त्यात काय उरते, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचे काय देणे लागावे? संगणकाने हा प्रश्न नव्याने विचारला असला, तरी त्याचे एक सविस्तर उत्तर अदिलाबादच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या आचरणात होते. त्या उत्तराचा इतिहास थोडक्यात सांगावा, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

पैनगंगा, वर्धा-प्राणहिता आणि गोदावरी ह्या नद्यांच्या मधला अदिलाबादचा मुलूख पूर्वी निझामाच्या हैद्राबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली त्याचे अदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल व निर्मल असे चार जिल्हे झाले. सीमा अनेकदा हलल्या, परंतु मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी ह्या भाषांचा तेथील शेजार मोडला नाही. मराठी तेथे पाहुणी नाही. ती बाजाराची आणि अनेक घरांची भाषा आहे.

ह्या मुलखातील राजगोंडांच्या घरी प्रधान नावाच्या जमातीचा गायक येतो. गोंडांचे कुळ जे असेल तेच कुलनाम त्याच्या प्रधानाचेही असते. मेश्राम गोंडांचा प्रधान मेश्रामच. गोंडांच्या कुळांचे चार सगांत विभाजन कसे झाले, गुहेत कोंडलेल्या गोंड देवांस पहांदी कुपार लिंगाने कसे सोडविले, जंगूबाईचे माहात्म्य काय, कोणते कुळ कोठून निघून कोठे स्थिरावले, हे सारे पुराण प्रधानाच्या कंठात असते. गजाने वाजवावयाचे किंगरी हे त्याचे वाद्य. आपली परंपरा तो हिरासुका नावाच्या आद्य गायकापर्यंत नेतो. कुळाचा थोर देव जो पेर्सा पेन, त्याच्या पूजेत होमहवनाचा व बळीचा अधिकार कटोडा नावाच्या गोंड पुजाऱ्याकडे असतो. परंतु त्या देवाची कथा गावयाची ती प्रधानाने. यजमान गोंड स्वतःच्या पूर्वजांची कथा स्वतः गात नाही. तो बसतो आणि ऐकतो.

वाचकांनी आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. अदिलाबादच्या प्रधानांची घरातली भाषा मराठी आहे. मुलांशी, बायकोशी, आपल्या जातभाईंशी तो मराठीत बोलतो. आणि यजमानाच्या अंगणात किंगरी हाती घेतली की त्याच्या मुखातून गोंडी पुराण वाहू लागते. म्हणजे गोंडांच्या देवांचा इतिहास ज्यांनी जपला त्यांची मायबोली आपली मराठी होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ह्या माणसांस आम्ही कोठे जागा दिली आहे? त्यांचे गाणे मराठीत नाही म्हणून मराठीने त्यांच्याकडे पाहिले नाही; आणि त्यांचे घर गोंडी नाही म्हणून गोंडी अभ्यासकांनी त्यांस केवळ निरोप्या मानण्याचा धोका आहे. ज्याने दुसऱ्यास वाणी दिली, त्याची स्वतःची ओळख दोन्हींच्या मध्ये हरवावी, हे ह्या धंद्याचे जुने दुर्दैव दिसते.

हा सारा व्यवहार लेखी स्वरूपात जगापुढे येण्यास एक रक्तरंजित प्रसंग निमित्त झाला. जंगल व जमीन ह्यांवरील हक्कांसाठी उठलेला कुमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे निझामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्यानंतरच्या वर्षांत ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ह्या भागात आले व मार्लवाई ह्या गावी राहून त्यांनी गोंडांचा अभ्यास केला. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील पुराणकथांचा मोठा भाग प्रधानांच्या मुखातून आलेला आहे. आपले थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेदेखील हैद्राबादच्या मुलकी सेवेत असताना ह्या जिल्ह्यात होते. त्यांनी गोंडी व कोलामी भाषा शिकून घेतल्या आणि अदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दरबारी कागदपत्रांचा हा गाढा अभ्यासक ज्यांच्यापाशी कागद नव्हते त्यांच्या अंगणात जाऊन बसला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या इतर कार्याइतकीच मोलाची वाटते.

ह्या अभ्यासातून जी व्यवस्था दिसते ती कायद्याच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. प्रधान हा भाड्याने आणलेला गायक नव्हे. अमुक घराण्याचा प्रधान अमुकच, हे वंशपरंपरेने ठरलेले असते. लग्नात, मृताच्या अंत्यविधीत, देवाच्या उत्सवात त्याचा वाटा ठरलेला. धान्य, वस्त्र, पैसा, ऐपतीप्रमाणे गुरेढोरे त्यास मिळावयाची. यजमानाने दुसऱ्या प्रधानास बोलावू नये आणि प्रधानाने आपल्या यजमानास टाकू नये, अशी ही दुहेरी बांधिलकी. वाणी उसनी घेतली तर तिचे देणे एका रात्रीत फिटत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चालते, हे तत्त्व त्या निरक्षर म्हटल्या गेलेल्या समाजाने मान्य केले होते.

परंतु ह्या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रधानाचा दर्जा गोंडांहून खालचा समजला जाई. ज्याच्या मुखातून देवाची कथा ऐकावयाची त्याच्या हातचे अन्न गोंडांस चालत नसे, आणि त्याच्याशी सोयरीकही होत नसे. वाट्याचा हक्क त्यास होता, पंक्तीचा नव्हता. आपल्या देवळांतही सनई-चौघडा वाजविणाऱ्यांची व गाणाऱ्यांची स्थिती फार निराळी नव्हती, हे वाचकांस सांगावयास नको. पहाटे ज्यांच्या सुरांनी देव जागा होई, त्यांच्यासाठी गाभाऱ्याच्या वाटेवर मर्यादेची एक रेघ असे.

उसन्या वाणीच्या इतिहासातला पुढचा टप्पा पाहण्यासाठी अदिलाबादहून परत आपल्या बाजूस यावे लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या दाखवितात. सावंतवाडी संस्थानचा आश्रय ह्या कलेस होता. तेथेही चित्रातला राम मुका. बोलतो तो सूत्रधार. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला, तेव्हा पडद्यावरचा सत्यवचनी राजाही मुकाच होता. त्याचे वचन प्रेक्षकांनी पाट्यांवर वाचावयाचे. १९३१ साली ‘आलम आरा’ने व १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने पडद्यास कंठ फोडला. आणि मग पार्श्वगायन आले, म्हणजे प्रधानाची जुनी रीत नव्या वेषात परत आली. ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा.

मात्र एक फरक पडला. प्रधान अंगणात सर्वांच्या डोळ्यांसमोर बसून गात असे. नव्या रीतीत गाणारा पडद्याआड गेला. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील ज्या गीताने लता मंगेशकर यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, त्याच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव! ज्या घराण्याने गोव्याच्या मंगेशीचे नाव आडनावात धारण केले, त्या घराण्यातील गायिकेचे नाव एका काल्पनिक स्त्रीच्या नावाखाली झाकले गेले. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक १९५९ साली सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. पण त्या पूर्वीची वर्षे पुरस्कारापुरता गळ्याचा स्वतंत्र हिशेब नव्हता.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात ही झाकाझाक आणखी पुढे गेली. अमेरिकेतील नटांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ ह्या संघटनेने ऑक्टोबर २०१६ पासून सुमारे अकरा महिने ह्या खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप चालविला. तिच्या तक्रारींतील एक तक्रार वाचून आम्ही थक्क झालो. आपण कोणत्या खेळात, कोणत्या पात्रासाठी बोलत आहोत हेसुद्धा आवाज देणाऱ्यास पुष्कळदा आधी सांगितले जात नसे. प्रधानास तो कोणत्या कुळासाठी गातो हे ठाऊक नाही, अशी कल्पना तरी करवते काय? ह्याच संघटनेने जुलै २०२४ मध्ये पुन्हा संप पुकारला आणि तो २०२५ मध्ये मिटला. ह्या वेळी मुख्य वाद होता यंत्राने माणसाच्या आवाजाची नक्कल करण्याचा. एकदा घेतलेल्या आवाजावरून यंत्र नवी वाक्ये बोलू लागले, तर वाणी उसनी घेतली असे म्हणावयाचे, की हिरावून घेतली असे?

ह्या बाबतीत आपला कायदा काय म्हणतो, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलासादर करणाऱ्या’स, म्हणजे परफॉर्मरला, स्वतःचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी ह्यांचीही नावे आहेत. प्रधानाचे वा कीर्तनकाराचे नाव तेथे नाही, परंतु ‘अन्य कोणीही’ ह्या शब्दांत त्यांचा समावेश निःसंशय होतो. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली: सादर केलेल्या कलेशी आपले नाव जोडले जावे, आणि आपल्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे तिचे विद्रूपीकरण होऊ नये, हा कलावंताचा नैतिक हक्क. मात्र त्याच दुरुस्तीने चित्रपटात किरकोळ काम करणाऱ्या व श्रेयनामावलीत नाव नसलेल्या कलावंतास विद्रूपीकरणाविरुद्धचा तेवढा हक्क ठेवून बाकीच्या हक्कांतून वगळले आहे. नाव नाही म्हणून हक्क नाही, अशी ही उलटी गाठ आहे.

शिवाय कायदा रक्षण करतो ते एका विशिष्ट प्रसंगी सादर केलेल्या कलेचे; खुद्द आवाजाविषयी कायद्यात स्वतंत्र कलम नाही. ती उणीव न्यायालये भरून काढू लागली आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात त्यांच्या संमतीवाचून त्यांच्या आवाजाची यंत्रनक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. हे पाऊल स्वागतार्ह होय. पण उच्च न्यायालयाची पायरी चढणे ज्यास परवडते त्याचे हे संरक्षण आहे. केसलापूरच्या रस्त्याने किंगरी खांद्यास लावून चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजाची मुद्रिका कोणी उतरवून नेली, तर त्याच्या वतीने बोलणार कोण? आणि जे पुराण तो गातो त्यास तर ज्ञात कर्ताच नाही. कर्ता नाही म्हणून त्या कथेवर लेखकाचा हक्कही कोणाचा नाही. जुन्या रूढीने प्रधानास वाटा दिला, पण मान दिला नाही. नवा कायदा नाव देऊ म्हणतो, पण वाटा घराशी आणून देत नाही.

दरम्यान वाटा देणाराही खचला आहे. पिढ्यान्‌पिढ्या गोंडांच्या जमिनी परक्यांच्या हाती गेल्या, आणि यजमानाचे कोठार रिते झाले की गायकाच्या मुलास किंगरी सोडून मजुरीस जावे लागते, हे उघड आहे. शाळेत मुले तेलुगू वा इंग्रजी शिकतात. घरी मराठी बोलतात. गोंडी पुराणासाठी लागणारी वर्षानुवर्षांची उमेदवारी कोणी करावी? गोंडांचे दुसरे गायक जे थोटी, त्यांची गणना तर सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटांत केली आहे.

तथापि निराशेस पूर्ण जागा नाही. अदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा ह्या गावी जुन्या गोंडी लिपीतील हस्तलिखिते सापडली, आणि त्या गुंजाळा गोंडी लिपीस २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२१ साली पद्मश्रीच्या यादीत मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू आणि पिंगुळीचे परशुराम गंगावणे ही दोन नावे एकत्र आली. कनक राजू २०२४ साली निवर्तले. केसलापूरच्या नागोबाचे नवे दगडी मंदिर मेश्राम कुळाने स्वतःच्या वर्गणीतून उभारले आणि २०२२ च्या अखेरीस त्यात देवाची प्रतिष्ठापना झाली. पुष्य अमावास्येस तेथे जत्रा भरते. त्यासाठी मेश्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्या जत्रेत हायमेंडॉर्फ यांच्या सूचनेवरून १९४० च्या दशकात दरबार सुरू झाला. सरकारी अधिकारी येऊन बसतात आणि डोंगरातली माणसे आपली गाऱ्हाणी मांडतात. कोंकणच्या देवळात गुरवाच्या मुखाने जे होते, तेच येथे माणसे स्वतःच्या तोंडाने करतात. मुका नायक बोलू लागतो तो असा.

पण बोलता येऊ लागले म्हणून ज्याने इतकी शतके आपल्यासाठी वाणी दिली त्यास विसरावे, हा न्याय नव्हे. खेळातील लिंक असो, चित्रातला राम असो, अंगणात बसलेला गोंड असो वा देवापुढे उभा राहिलेला आपला शेजारी असो, त्यांचे मौन हे उणेपण नाही. त्या मौनाच्या पाठीशी कोणाचा तरी कंठ असतो, आणि त्या कंठास नाव असते. ते नाव लिहून ठेवणे हे देणे फेडण्याचे पहिले पाऊल होय. दुसरे पाऊल वाट्याचे, आणि तिसरे पंक्तीचे.

आपल्या देवळांच्या उत्सवपत्रिका आम्ही नेहमी पाहतो. त्यांत देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने छापलेली असतात. गाऱ्हाणे घालणाऱ्याचे, पुराण सांगणाऱ्याचे, सनई वाजविणाऱ्याचे नाव बहुधा नसते. ‘वाद्यवृंद’ एवढ्या एका शब्दात ती माणसे आटोपतात. येत्या उत्सवाची पत्रिका छापावयास देण्यापूर्वी देवस्थानच्या समित्यांनी तेवढ्या चार ओळी वाढवाव्यात, आणि ज्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावयाचा त्यांची संमती व मोबदला लेखी ठरवावा, अशी आमची विनंती आहे. ह्यासाठी नवा कायदा लागत नाही. अदिलाबादच्या गोंडांस तो कधीच लागला नव्हता.